विश्लेषण : घरचा फराळ, आजीची गोधडी अमेरिकेला का पोहोचली नाही? टपालाची वाट खुली झाली. पण नियम काय?

भारतीय टपाल विभागाने अमेरिकेला जाणारी सर्व प्रकारची टपालसेवा १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू केली. त्यानंतर पाचव्याच दिवशी नरकचतुर्दशी होती. त्यामुळे कणकवली, कुडाळ, मालवण किंवा सावंतवाडीच्या टपाल कार्यालयातून तेव्हा निघणारी फराळाची पेटी दिवाळीत न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियातल्या घरी पोहोचणे अवघडच होते. ज्या दिवसांत अशा पेट्या निघतात, नेमक्या त्याच दिवसांत वाट बंद होती. आता ती खुली झाली असली तरी नियम बदलले आहेत. घरच्या माणसाने पाठवलेली भेट आणि विकत पाठवलेली वस्तू यांतला फरक पूर्वी टपालाच्या खिडकीवर फारसा जाणवत नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच एका फरकावर शून्य शुल्क की निम्म्या किमतीइतके शुल्क, हे ठरू लागले.

नेमके काय घडले?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ३० जुलै २०२५ रोजी एक कार्यकारी आदेश काढला. ८०० डॉलरपर्यंतच्या आयात मालाला मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून संपेल, असे त्यात जाहीर झाले. इंग्रजीत या सवलतीला ‘डी मिनिमिस’ म्हणतात. म्हणजे इतका किरकोळ माल, की त्यावर शुल्क वसूल करण्याचा खटाटोप परवडत नाही.

भारतीय टपाल विभागाने २३ ऑगस्टला घोषणा करून २५ ऑगस्टपासून अमेरिकेसाठीची नोंदणी तात्पुरती थांबवली. सुरुवातीला पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यांना वगळण्यात आले होते. मात्र ऑगस्ट संपता संपता तीही नोंदणी बंद झाली. आधी नोंदवलेल्या पण रवाना न झालेल्या टपालाचे शुल्क परत मागण्याची मुभा ग्राहकांना देण्यात आली.

कोकणच्या दिनदर्शिकेवर या तारखा मांडल्या तर चित्र स्पष्ट होते. राखीपौर्णिमा ९ ऑगस्टला होती, त्यामुळे राख्यांची पाकिटे आधीच निघून गेली होती. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि त्याच दिवशी भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क एकूण ५० टक्के झाले. पुढचे दीड-पावणेदोन महिने, म्हणजे दसरा आणि दिवाळीच्या तयारीचा सगळा काळ, टपालाची खिडकी अमेरिकेपुरती बंद राहिली.

अमेरिकेने हा नियम का बदलला?

ही सवलत जुनी आहे. १९३८ मध्ये ती अमेरिकी कायद्यात आली. २०१६ मध्ये तिची मर्यादा २०० वरून ८०० डॉलर झाली आणि चित्र पालटले. चीनमधून थेट ग्राहकाच्या दारात स्वस्त कपडे आणि वस्तू पाठवणाऱ्या शीन, टेमू यांसारख्या कंपन्यांनी या वाटेचा पुरेपूर वापर केला. २०२४ या आर्थिक वर्षात अशी सुमारे १३६ कोटी पार्सले अमेरिकेत उतरली. त्यांतून शुल्क तर मिळत नाहीच, शिवाय फेंटानिलसारखे घातक अमली पदार्थही शिरतात, असा अमेरिकी प्रशासनाचा दावा आहे.

चीन आणि हाँगकाँगसाठी ही सवलत २ मे २०२५ रोजीच संपली होती. २९ ऑगस्टला ती उरलेल्या जगासाठीही संपली. नेम मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांवर होता, पण जाळे इतके बारीक विणले गेले की त्यात कणकवलीची चकलीही अडकली.

भेटवस्तूंना सवलत होती, मग त्या का अडल्या?

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच. परदेशातील व्यक्तीने अमेरिकेतील व्यक्तीला पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची खरी भेट शुल्कमुक्त असते, ही वेगळी तरतूद आहे आणि नव्या आदेशाने तिला हात लावलेला नाही. म्हणजे आईने लेकीला पाठवलेला फराळ कायद्याने एक दिवसही शुल्कपात्र झाला नव्हता.

तरीही तो अडला. कारण कायदा भेट आणि विक्रीचा माल वेगळे मानत असला तरी विमानात चढणारी टपालाची थैली एकच असते. नव्या नियमानुसार टपालाने येणाऱ्या मालावरचे शुल्क विमान कंपन्यांनी किंवा अमेरिकी सीमाशुल्क विभागाने मान्यता दिलेल्या ‘पात्र संस्थां’नी गोळा करून सरकारजमा करायचे होते. पण या पात्र संस्था कोण, पैसे कसे घ्यायचे, हिशेब कसा द्यायचा, हे २९ ऑगस्ट तोंडावर आला तरी ठरलेले नव्हते. तांत्रिक तयारी नसल्याचे सांगून विमान कंपन्यांनी २५ ऑगस्टनंतर अमेरिकेचे टपाल घेण्यास असमर्थता दाखवली. थैलीच चढत नसेल तर तिच्यातल्या भेटीला सवलत असून उपयोग काय?

हे केवळ भारताच्या बाबतीत झाले नाही. जर्मनी, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांच्या टपालसेवांनी अमेरिकेसाठीच्या सेवा पूर्णतः वा अंशतः थांबवल्या. जागतिक टपाल संघटनेने सप्टेंबरच्या सुरुवातीला दिलेल्या माहितीनुसार ८८ टपालसेवांनी असे निर्णय घेतले होते. २९ ऑगस्टला अमेरिकेकडे गेलेले टपाल आठवडाभरापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले होते. ही संघटना १८७४ मध्ये स्थापन झाली आणि भारत १८७६ पासून तिच्यात आहे. एका देशाने घेतलेले टपाल दुसऱ्या देशाने पोहोचवायचे, हे तिचे मूळ तत्त्व. त्या तत्त्वाला इतका मोठा धक्का क्वचितच बसला असेल.

१५ ऑक्टोबरपासून काय बदलले?

भारतीय टपाल विभागाने शुल्क आधीच भरून घेण्याची पद्धत स्वीकारली आहे. दिल्ली आणि महाराष्ट्र सर्कलमध्ये तिच्या चाचण्या झाल्या आणि मग ती देशभर लागू झाली. पूर्वी शुल्क लागलेच तर ते पार्सल घेणाऱ्याकडून वसूल होई. आता ते नोंदणीच्या वेळी पाठवणाऱ्याकडून घेतले जाते आणि पात्र संस्थेमार्फत अमेरिकी सीमाशुल्क विभागाकडे जमा होते. पलीकडे घेणाऱ्याला काही भरावे लागत नाही.

टपालाने जाणाऱ्या भारतीय मालासाठी हा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये घोषित किमतीच्या सरसकट ५० टक्के होता. त्यावर वस्तूनिहाय वेगळे शुल्क नव्हते आणि या सुविधेसाठी टपाल विभाग जादा आकारही घेत नव्हता. हिशेब सोपा होता. चार हजार रुपये किमतीची वस्तू विकत पाठवायची असली तर दोन हजार रुपये शुल्क लागे आणि टपालखर्च वेगळा. २८ ऑगस्टपर्यंत हे शुल्क शून्य होते. भेटीसाठीची १०० डॉलरची, म्हणजे ऑक्टोबर २०२५ च्या दराने सुमारे ८,८०० रुपयांची माफी मात्र कायम आहे.

‘भेट’ नेमकी कशाला म्हणायचे?

पेटीवर ‘गिफ्ट’ असे लिहिले म्हणजे ती भेट होत नाही. अमेरिकी नियमानुसार भेट म्हणजे देणाऱ्याच्या मालकीची वस्तू, जी त्याने कोणताही मोबदला न घेता किंवा मोबदल्याचे आश्वासन न घेता दिली आहे. घेणाऱ्याने स्वतः मागवून पैसे दिलेली वस्तू भेट ठरत नाही; मग ती कितीही ओळखीच्या बाईंनी केलेली असो.

काही बारकावे सहज नजरेतून सुटतात. मर्यादा एका व्यक्तीसाठी एका दिवसाला १०० डॉलर अशी आहे. किंमत १०१ डॉलर झाली तर वरच्या एका डॉलरवर नव्हे, तर पूर्ण किमतीवर शुल्क लागू होते. मात्र एकाच मोठ्या पेटीत लेक, जावई आणि नातवंडांसाठी वेगवेगळ्या भेटी घालता येतात. त्यासाठी प्रत्येकाची भेट स्वतंत्र बांधून तिच्यावर ज्याचे त्याचे नाव लिहावे लागते आणि घोषणापत्रात प्रत्येक भेटीची वेगळी नोंद करावी लागते. घरात चार माणसे असतील तर ही तरतूद फार उपयोगाची आहे.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर कायद्याने घरच्या हाताला थेट मान दिला आहे. अमेरिकेत खाद्यपदार्थ पाठवण्यापूर्वी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. पण एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेला आणि स्वतःच वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेला पदार्थ या अटीतून वगळलेला आहे. दुकानातून आणलेल्या किंवा व्यवसाय म्हणून तयार केलेल्या पदार्थांना ही सूट नाही. म्हणजे आईने घरी तळलेल्या चकल्यांना एक नियम आणि तिनेच बचत गटात तळून विकलेल्या चकल्यांना दुसरा. सोऱ्या तोच, भाजणी तीच आणि हातही तेच!

हाताने केलेल्या वस्तूची किंमत काय लिहायची?

परदेशी पार्सलसोबत सीमाशुल्क घोषणापत्र भरावे लागते. कमी किमतीच्या छोट्या पाकिटांसाठी ‘सीएन २२’ आणि त्याहून मोठ्या पार्सलसाठी ‘सीएन २३’ हे नमुने जगभर वापरले जातात. हीच माहिती आता पार्सलच्या आधी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पलीकडच्या देशात पोहोचावी लागते. अमेरिकेने हे २०२१ पासून सक्तीचे केले असून युरोपीय महासंघाचीही तशीच व्यवस्था आहे. माहिती अपुरी असेल तर पार्सल विमानात चढण्याआधीच थांबू शकते.

घरी केलेल्या वस्तूचे बिल नसते. जुन्या साड्यांची गोधडी, नातवासाठी शिवलेली दुपटी आणि कुंची, क्रोशाचे तोरण यांची किंमत काय, असा प्रश्न पडतो. ‘किंमत शून्य’ लिहिणे हे त्याचे उत्तर नव्हे. शून्य किंमत दिसली की संशय वाढतो. तशीच वस्तू आपल्या बाजारात साधारण केवढ्याला मिळेल, ती रक्कम लिहावी. आजीच्या श्रमांचे आणि मायेचे मोल त्या रकान्यात मावणार नाही, हे खरे. पण सीमाशुल्क अधिकाऱ्याला विचारायचे असते ते बाजारभावाचेच.

दुसरी चूक वर्णनात होते. नुसते ‘गिफ्ट’, ‘क्लोद्स’ किंवा ‘फूड’ लिहिलेले पार्सल अडण्याची शक्यता मोठी. ‘हाताने शिवलेली सुती गोधडी, लहान मुलासाठी, नग १’ किंवा ‘घरी केलेली चकली, तांदूळ व डाळींच्या पिठाची, १ किलो’ असे प्रत्येक वस्तूचे नाव, कशापासून केली, नग, वजन आणि किंमत इंग्रजीत लिहावी. ‘गिफ्ट’च्या रकान्यावर खूण करावी. घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता, पिनसारखा झिप क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक यांत चूक नसावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पत्ता तसाच उतरवण्याआधी एकदा ताडून पाहावा.

पेटीत काय चालते आणि काय अडते?

फराळातले कोरडे, तळलेले किंवा भाजलेले पदार्थ, म्हणजे चकली, शेव, चिवडा, शंकरपाळे, कडक बुंदीचा लाडू, मालवणी खाजे, प्रवासाला चांगले. दळलेला मालवणी मसाला, सुकी आमसुले, फणसपोळी, आंबापोळी नीट बंद करून पाठवता येतात. लोणचे, कोकमाचे आगळ, तेल, उटण्यासोबतचे सुगंधी तेल यांसारखे पातळ पदार्थ टाळावेत. एक बाटली फुटली तर आपलीच नव्हे, थैलीतली दुसऱ्यांची पार्सलेही खराब होतात. फटाके, लायटर, पॉवर बँक आणि दाबाखाली भरलेले सुगंधी फवारे हवाई टपालात अजिबात चालत नाहीत.

काही गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात इतक्या साध्या असतात की त्या परदेशात निषिद्ध असतील, हे ध्यानातही येत नाही. कोकणातून मोठ्या संख्येने माणसे आखाती देशांत नोकरीला गेली आहेत. पण संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया येथे खसखशीला बंदी आहे. कारण तिथे ती अमली पदार्थांच्या नियमात बसते. अनारशावर लावलेली किंवा करंजीच्या सारणात घातलेली चिमूटभर खसखसही मोठ्या अडचणीत टाकू शकते. आखातात पाठवायच्या करंज्या खसखशीशिवायच कराव्यात.

अमेरिकेत भारतातून खासगीरीत्या तांदूळ पाठवता येत नाही. साठवलेल्या धान्यात होणाऱ्या खापरा या किडीमुळे तो निर्बंध आहे. त्यामुळे गावचा लाल किंवा उकडा तांदूळ पेटीत घालू नये. ताजा कढीपत्ता, बिया, मुळ्या यांनाही तिथे वाट नाही. बाळंतिणीच्या पेटीत आजी हमखास घालते ती बाळगुटीची मुळेही यातच येतात. युरोपीय महासंघ आणि ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ टपालाने पाठवायला मनाई आहे, म्हणून पेढे, बर्फी आणि खव्याची मिठाई तिकडे नको. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. लाकूड, बांबू, काथ्या, गवत, सुकी फुले अशा वस्तूंची तिथे कसून तपासणी होते. कीड, साल वा माती आढळली तर वस्तू जप्त होऊ शकते.

समुद्रकिनाऱ्यावरच्या जिल्ह्याने आणखी एक काळजी घ्यायला हवी. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. किनाऱ्यावर सापडलेल्या शंखाची हौसेने केलेली शोभेची वस्तू परदेशी पाठवणे हा थेट गुन्हा ठरू शकतो.

इतर देशांत भेटीची मर्यादा किती?

भेटवस्तूंच्या बाबतीत अमेरिकेचा नियम आजही बऱ्यापैकी सैल आहे. युरोपीय महासंघात एका खासगी व्यक्तीने दुसरीला अधूनमधून पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त असते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ३९ पौंड आहे. दोन्ही रकमा ऑक्टोबर २०२५ च्या दराने साधारण साडेचार हजार रुपयांच्या घरात जात होत्या. कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर, म्हणजे त्याच दराने पावणेचार हजार रुपयांच्या आसपास. ऑस्ट्रेलियात एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर सीमेवर शुल्क वसूल होत नाही. पण तिथे अडसर शुल्काचा नसून जैवसुरक्षेचा आहे.

म्हणजे लंडनच्या भाचीला आणि शिकागोच्या मुलाला एकसारखीच पेटी पाठवली, तर एकीकडे कर लागेल आणि दुसरीकडे लागणार नाही, असे घडू शकते. लंडनला मोठी पेटी एकदम पाठवण्याऐवजी सणाप्रमाणे लहान पेट्या पाठवणे सोयीचे पडते.

टपाल बरे की खासगी कुरिअर?

टपाल बंद असताना अनेकांनी खासगी कुरिअरची वाट धरली. ती वेगवान आहे, पण तिथला हिशेब निराळा. हवाई कुरिअरमध्ये प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन, यांतले जे जास्त त्याचे पैसे लागतात. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५,००० ने भागायची, ही रूढ पद्धत. ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरच्या पेटीचे असे वजन ६ किलो येते. तिच्यात चिवडा आणि चकल्या मिळून तीनच किलो असल्या तरी पैसे सहा किलोचे. फराळ हा पोकळ आणि हलका माल असल्याने त्याला हा हिशेब हमखास महागात पडतो. गोधडीही दाबून, हवा काढून बांधली नाही तर तोच प्रकार.

शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये शुल्कपात्र माल कुरिअरने गेला तर वस्तूनिहाय मूळ शुल्क आणि वरचे ५० टक्के असे दोन्ही लागू होई. माल सोडवण्याचा आकार वेगळा. टपालात सरसकट ५० टक्क्यांवर ते थांबे. वेळेची घाई नसेल तर लहान पाठवणाऱ्यासाठी टपालच परवडते.

या दोहोंखेरीज तिसरी वाट कोकणाला जुनी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून वस्तू धाडायच्या! टपाल बंद असतानाच्या काळात तिच्यावरचा भार वाढणे साहजिक होते. पण दुसऱ्याने बांधून दिलेल्या डब्यात काय आहे, याची जबाबदारी विमानतळावर बॅग नेणाऱ्याची असते. डबा देणाऱ्याने आत काय आहे ते स्पष्ट सांगावे आणि नेणाऱ्याने तो उघडून पाहण्यात संकोच बाळगू नये.

बचत गट आणि कारागिरांचे काय?

घरची भेट वाचली. पोळले आहेत ते हातची वस्तू विकून पोट भरणारे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात असे हात बरेच आहेत. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी, तिथल्या राजघराण्याने जपलेला हाताने रंगवलेला गंजिफा, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, वेंगुर्ल्याचे काथ्याकाम आणि गावोगावच्या महिला बचत गटांचा फराळ व मसाले. पिंगुळीची कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ही कला देशभर पोहोचली. कणकवलीत अप्पासाहेब पटवर्धनांनी उभ्या केलेल्या गोपुरी आश्रमाने ग्रामोद्योगाचा धडा अनेक दशकांपूर्वीच घालून दिला होता.

अशा मालासाठी परदेशातला मराठी माणूस हा हक्काचा ग्राहक. त्याला नेहमीच्या दुकानात मिळणारी वस्तू नको असते, गावाकडचीच हवी असते आणि तिच्यासाठी तो दोन पैसे जास्त मोजतो. पण ऑक्टोबर २०२५ च्या दराने निम्म्या किमतीइतके शुल्क पाठवणाऱ्याने आधी भरायचे म्हणजे गटाचे भांडवल अडकणार किंवा वस्तूची किंमत दीडपट होणार, अशी स्थिती होती. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पाने असतात आणि ती एकेक करून रंगवायची असतात. अशा वस्तूला यंत्रावर छापलेल्या पत्त्यांच्या किमतीशी कधीच स्पर्धा करता येत नव्हती. आता हौशी ग्राहकही दोनदा विचार करील.

यातून एक मोह निर्माण होतो : विकलेली वस्तू भेट म्हणून दाखवण्याचा. तो धोक्याचा आहे. एकाच पत्त्यावरून वेगवेगळ्या लोकांना वारंवार ‘भेटी’ जाऊ लागल्या की ते यंत्रणेच्या लक्षात येते. चुकीच्या घोषणेमुळे माल जप्त होऊ शकतो आणि दंडही लागू शकतो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे खऱ्या भेटींकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते आणि प्रत्येकाची पेटी उघडली जाते.

एक सरळ मार्ग मात्र उपलब्ध आहे. परदेशातल्या नातेवाइकाने गटाकडून थेट मागवण्याऐवजी गावातल्या भावाने वस्तू विकत घ्यायची, पैसे स्वतः द्यायचे आणि स्वतःच्या नावाने ती बहिणीला भेट म्हणून पाठवायची. ही खरी भेट आहे आणि गटाचीही विक्री होते. बहिणीने मागाहून भावाला पैसे पाठवले तर मात्र ती भेट राहत नाही. आणि विकत घेतलेला पदार्थ असल्यास अन्न प्रशासनाच्या पूर्वसूचनेची सूट नाही, हे लक्षात ठेवावे लागेल. लाकडी खेळणी, बाहुल्या, चित्रे यांना ती अडचण नाही.

ज्या गटांना नियमित निर्यात करायची आहे, त्यांच्यासाठी टपाल विभागाने २०२२ पासून ‘डाकघर निर्यात केंद्रे’ सुरू केली; देशभरात ती हजाराहून अधिक आहेत. आयात-निर्यात संकेतांक काढून टपाल निर्यात पत्र ऑनलाइन भरता येते. त्यासाठीचे इलेक्ट्रॉनिक नियम डिसेंबर २०२२ मध्ये आले. तालुक्याच्या गावातून पार्सल नोंदवता येते आणि सीमाशुल्काची तपासणी विदेश टपाल कार्यालयात होते. त्यासाठी कारागिराने मुंबईला खेटे घालण्याची गरज उरत नाही.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात व्यापार कराराची बोलणी सुरू होती. शुल्काचा दर कमी झाला तर विक्रीच्या मालाला दिलासा मिळणार होता. पण ८०० डॉलरची माफी परत येईल, अशी चिन्हे नाहीत. युरोपीय महासंघानेही दीडशे युरोपर्यंतच्या मालाची सीमाशुल्कमाफी काढून टाकण्याचे २०२५ मध्ये ठरवले. स्वस्त मालाचा पूर थोपवण्यासाठी जगभर दारे अरुंद होत आहेत आणि त्याच दारांतून घरच्या पेटीलाही जायचे आहे.

म्हणून दराइतकाच प्रश्न खिडकीवरच्या मदतीचाही आहे. भेटीची माफी ज्यांच्यासाठी आहे ते पाठवणारे बहुधा साठी-सत्तरीतले आई-वडील असतात. त्यांना इंग्रजी घोषणापत्र, मोबाइलवरचे अर्ज आणि शुल्काचे तपशील एकट्याने जमणारे नसतात. माफी कायद्यात असून भागत नाही, ती मिळवून देणारा रकाना बरोबर भरला जावा लागतो. तालुक्याच्या टपाल कार्यालयात मराठीतला नमुना अर्ज, नेहमीच्या फराळाच्या आणि हस्तकलेच्या वस्तूंची तयार इंग्रजी वर्णने आणि देशानुसार निषिद्ध वस्तूंचा एक फलक लावला, तरी निम्म्या पेट्यांची अडचण दूर होईल. त्यासाठी वॉशिंग्टनच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

कोकण एके काळी मनीऑर्डरवर चालणारा मुलुख म्हणून ओळखला जाई. चाकरमानी मुंबईहून पैसे धाडत आणि गावाकडून त्यांच्यासाठी कुळथाचे पीठ, आमसुले, काजूगर अशी गाठोडी निघत. चाकरमानी आता अधिक लांब गेला आहे आणि पैसे बँकेतून येतात. गाठोड्याला मात्र अजून टपालाचाच आधार आहे. २०२५ ची दिवाळी हुकली. पण पेटी नीट बांधून, खरी किंमत आणि पूर्ण वर्णन लिहून दिली, तर मार्गशीर्षातली देवदिवाळी गाठता येणार होती.